शोकेसमधले आजोबा

ग्वाल्हेरला जायचं ठरलं ते किल्ल्यासाठी नाही. माझा मावसभाऊ दिलीपदादा याचा फोन आला. "सिटी सेंटरमध्ये आगबोटीचं प्रदर्शन लागलं आहे. आजोबांचा फोटोपण आहे, एकदम बड़ा. आई म्हणते अव्याला बोलाव, त्याच्यासोबतच जाईन." मी त्याच दिवशी तिकीट काढलं.

माझे आजोबा, आईचे वडील, मुंबईहून कोकणातल्या घरी जाताना आगबोट बुडून वारले. हे वाक्य मी सहज लिहून गेलो, पण मावशीच्या घरात ते असं कुणी म्हणत नाही. तिथं म्हणतात, "बाबा त्या बोटीत होते." मावशी तेव्हा चार वर्षांची होती, माझी आई जन्मायची होती. आजोबा सापडलेच नाहीत. भटजींनी सांगितलं की पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्या, म्हणजे पुढचं सगळं करता येईल. आजी म्हणाली, त्यांना पोहता येतं. विधी झाला नाही, श्राद्ध झालं नाही, आजीचं कुंकू शेवटपर्यंत राहिलं.

जानेवारीत जाणार असाल तर एक सांगतो. पुण्याहून थेट गाडी आहे, जवळजवळ एक दिवसाचा प्रवास, पण झाशीच्या पुढे धुकं गाडीला अडवून धरतं. पोचण्याच्या दिवशी काही ठरवू नका. कानटोपी हाताशी ठेवा, मी बॅगेच्या तळाशी ठेवली होती.

मावशीचं घर पाटणकर बाजारापासून चालत जाण्याच्या अंतरावर, दुसऱ्या मजल्यावर. तिच्या सासरचे लोक पिढ्यांपूर्वी दरबारात कारकुनीला आले आणि इथलेच झाले. दारातच ती म्हणाली, "किती वाळलास रे! गाडीत काही खाल्लं की नाही? थंडी फार पडून राहिली आहे, आत ये पटकन."

बैठकीच्या खोलीत एका भिंतीवर गेलेली माणसं आहेत: मावशीचे सासूसासरे, तिचे यजमान अप्पा. सगळ्यांना चंदनाचे हार. समोरच्या काचेच्या शोकेसमध्ये जिवंत माणसं: दादाचं लग्न, बंगळूरला असलेली त्याची मुलगी, स्कूटरवर बसलेला मी. आणि या जिवंत लोकांत एक पत्त्याएवढा फोटो, काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, नुकती फुटलेली मिशी. आजोबा. आता ते आम्हा सगळ्या नातवंडांपेक्षा तरुण दिसतात.

आयोजकांनी बोटीतल्या लोकांच्या घरच्यांकडे फोटो मागितले, तेव्हा दादाने तो मोबाईलवर पाठवला होता. "आईला विचारूनच," तो म्हणाला. "विचारलंस ना," मावशी आतून म्हणाली. "मीच हो म्हटलं. एवढुसा फोटो, त्यांचे डोळे कसे होते तेसुद्धा नीट दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी महाराज बाड्यावर बेडई खाल्ली. उडदाची डाळ भरलेली पुरी आणि बटाट्याची झणझणीत रस्साभाजी. नऊच्या आत जा, नंतर उरलेलं मिळतं. दुपारी मावशी, दादा आणि मी ई-रिक्शाने सिटी सेंटरला.

प्रदर्शनाच्या दारावर फुगवलेली प्लास्टिकची आगबोट होती. तिकिटाबरोबर प्रत्येकाला एक कार्ड मिळतं, त्यावर बोटीतल्या एका खऱ्या प्रवाशाचं नाव. आपण वाचलो की बुडालो ते शेवटी मशीनवर कळतं. माझ्या कार्डावर कापडाच्या दुकानातला एक कारकून होता. मग कलणारा डेक, तोंडावर पाण्याचे फवारे, भोंगा. लोक किंचाळत होते आणि हसत होते. पाय घसरला तेव्हा मीही हसलो, हे लिहायला हवं. मावशी डेकवर आली नाही. बाहेर खुर्चीवर पर्स मांडीवर धरून बसली, डॉक्टरकडे बसावं तशी.

शेवटचं दालन फोटोंचं. मंद दिवे, बासरी. आजोबा उजव्या भिंतीवर होते, मावशीपेक्षा उंच. डोळे खरंच दिसत होते. आणि गळ्यात झेंडूचा हार होता, कॉम्प्युटरवर काढलेला. सगळ्या फोटोंना तोच.

मावशी दादाला म्हणाली, "तो हार काढायला सांग."

"आई, वो प्रिंट है. निघत नाही तो."

मॅनेजर आला. तरुण, अदबीने बोलणारा. "अम्माजी, सम्मान के लिए है. सबको लगाया है."

"बेटा, ये गए नहीं हैं," मावशी म्हणाली. "मतलब, हमने माना नहीं."

त्याला ते कितपत समजलं कोण जाणे, पण तो हसला नाही. पुढच्या शहरात नवा प्रिंट लावू म्हणाला. मग धावत जाऊन दुकानातून बोटीचं चित्र असलेला एक मग घेऊन आला. परिवारवाल्यांसाठी फ्री.

तेवढ्यात एक मुलगी आजोबांसमोर सेल्फी घेऊ लागली. "ये अंकल कितने स्मार्ट हैं यार!" मावशीला राहवलं नाही. "मेरे पिताजी हैं," ती ऐटीत म्हणाली. मुलीने मोबाईल खाली केला. "सॉरी आंटी," म्हणाली आणि फोटोपुढे हात जोडून, डोळे मिटून उभी राहिली. तिच्या मागच्यांनीही हात जोडले, मग त्यांच्या मागच्यांनी. सगळे अगदी मनापासून. मावशीचे हात शालीच्या आतच होते.

बाहेर "मैं बच गया" लिहिलेले टी-शर्ट विकायला होते. चाटच्या काउंटरजवळचा कचऱ्याचा डबा कार्डांनी भरला होता, चटणी लागलेली नावं. परतताना मावशीने तो मग रिक्शाच्या सीटवर तसाच ठेवला. रिक्शावाला हाका मारत जिन्यापर्यंत आला, "अम्मा, आपका कप!" घ्यावाच लागला.

जिना चढताना ती मध्येच थांबली. "आईने जे उभ्या जन्मात केलं नाही, ते या लोकांनी तिकीट लावून केलं रे. आणि किती प्रेमाने हात जोडले सगळ्यांनी. वाट बघणारी मी एकटीच उरले."

मला म्हणायचं होतं की एका छापील हाराने काही होत नाही. म्हणालो नाही. मला स्वतःला ते पटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी किल्ला पाहिला. निळ्या नक्षीचा राजवाडा धुक्यातून हळूहळू वर आला. सुंदर असणार, माझं लक्ष नव्हतं. तिळाची गजक घेतली, संध्याकाळची गाडी धरली.

प्रदर्शन पाहावं का, असं तुम्ही विचाराल. कुणाच्या लक्षात नसलेली नावं तिथं लोक मोठ्याने वाचतात, हे मी पाहिलं. तीच नावं पाच मिनिटांनी डब्यात जातात, हेही पाहिलं. आणि मीही मावशीचं जिन्यातलं बोलणं इथं लिहून तुम्हाला देतोच आहे. तिला विचारून लिहितोय, पण तिने तर फोटोलाही हो म्हटलं होतं. त्या कारकुनाचं कार्ड माझ्या जॅकेटच्या खिशात आहे. टाकवत नाही.

काल दादाचा फोन आला. मावशीने सुतार बोलावून भिंतीवर, अप्पांच्या शेजारी, एक खिळा ठोकून घेतला.

"आणि फोटो?" मी विचारलं.

"शोकेसमध्येच आहे. रोज काढते, पुसते, परत तिथंच ठेवते. मी म्हटलं, आई, टांगून देऊ का? तर म्हणाली, आज राहू दे."