ती लिंक मी पाठवली होती

तारीख १४, रविवार, सकाळचे दहा. हजर: मी, माझी मुलगी आणि इथेच उधन्यात लग्नपत्रिका छापणारे भाऊ. गैरहजर: आमच्या समाज मंडळाचे अध्यक्ष. ‘असलं काही लिहू नका, समाजाची शोभा होते,’ असं त्यांनी ग्रुपवर टाकलं होतं. तो निरोप मी वहीत सर्वांत वर उतरवला आणि त्यावर काट मारली.

झालं होतं ते असं. वधू-वर परिचय पुस्तिकेची जुनी फाइल भाऊंच्या नव्या संगणकावर उघडली, तर मराठीच्या जागी नुसती चिन्हं. जुना फॉन्ट त्यात नव्हता. भाऊंनी मला विचारलं. मी शोधून पहिली दिसली ती लिंक पाठवून दिली. तिथलं मोठं हिरवं बटण त्यांनी दाबलं, फॉन्टऐवजी व्हायरस उतरला आणि संध्याकाळपर्यंत दुकानातल्या सगळ्या फाइलींना कुलूप लागलं, एकही उघडेना. आता अध्यक्ष म्हणत होते, माणूस निष्काळजी आहे, यंदाची पुस्तिका कडोदऱ्याच्या प्रेसला द्या.

निष्काळजी कोण, ते मला ठाऊक होतं. म्हणून माझ्या ब्लॉगवर लेख, आणि तोही पुस्तिकेचं काम कुणाला द्यायचं ते ठरवणाऱ्या मंडळाच्या गुरुवारच्या बैठकीआधी.

“आई, हिंदीत लिही. जास्त लोक वाचतील.”

“हिंदीत ढीग पडलेत. भाऊंच्या कामी एक तरी आला?”

“बरं. पण शीर्षक ‘फॉन्ट उतरवताना घ्यावयाची दक्षता’? असं शोधायला कोण बसतं?”

मी भाऊंकडे वळले. “तुम्ही काय टाइप करता?”

“फॉन्टचं नाव आन् पुढे ‘फ्री डाउनलोड’. माले काय मालूम, ते हिरवं बटन खोटं शे?”

शीर्षक तिथेच ठरलं: ‘मराठी फॉन्ट फ्री डाउनलोड करताय? आधी हे बघा’. खाली लोक विचारतात तसेच प्रश्न. फॉन्ट कुठून घ्यायचा? बनवणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवरून. फाइल कशी ओळखायची? नावाच्या शेवटी टीटीएफ किंवा ओटीएफ हवं. ईएक्सई दिसलं तर तो फॉन्ट नव्हे, प्रोग्राम आहे; न उघडता पुसून टाका. छपाईला चालेल का? परवाना वाचा. कामाच्या फाइलींची प्रत? वेगळ्या डिस्कवर, आणि ती डिस्क काढून ठेवलेली.

मग मी पहिलं वाक्य लिहिलं: ‘ती लिंक मी पाठवली होती.’

भाऊ खुर्चीतून उठलेच. “ताई, तुम्ही कशाला मधी पडता? माझं नाव खराब झालं ते झालं.”

“बसा. लेख माझा आहे.”

मुलीने पडद्यावर बोट ठेवलं. “यात शोधात येईल असा एकही शब्द नाही.”

“नसू दे. हे वाक्य हलणार नाही.”

दुपारी एकला लेख ब्लॉगवर चढला. वहीतल्या कामांच्या यादीत सगळ्या ओळींपुढे खुणा झाल्या, शेवटची सोडून: ग्रुपवर, अध्यक्षांच्या निरोपाच्या बरोबर खाली, लेख टाकणे.