डुक्कर फियाटचं भाडं

आमचे हे, म्हणजे वाल्मीकराव, देवमाणूस आहेत असं सगळी कॉलनी सांगते. देवमाणसाशी संसार करताना काय काय गिळावं लागतं, ते मात्र मला विचारा.

नाशिक रोडला प्रेसमध्ये नोकरी झाली, निवृत्त झाले, मुलगा पुण्यात नोकरीला लागला. कर्ज नाही, बिर्ज नाही. वेड एकच, गाडी. सत्तावन्न सालची फियाट, जिला जुनी माणसं डुक्कर फियाट म्हणतात ती. देवळालीच्या एका पारशी म्हाताऱ्याकडून घेतलेली. नाकाडावरून ती खरंच डुकरासारखी दिसायची, पण ह्यांच्यासमोर तसं म्हणायची सोय नव्हती. सकाळी उठलं की आधी मऊ फडक्यानं तिला पुसायचं, मग चहा. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्याकडे कधी एवढ्या मायेनं बघितलं नाही माणसानं.

आम्हाला मुलगी नाही. म्हणूनच की काय, कॉलनीत कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं की पाठवणीला गाडी ह्यांची, आणि चालवायचेही हेच. झेंडूच्या माळा ओवायला मी होतेच फुकटची. भाड्याचं तर नावच काढायचं नाही. पण आपल्याकडे नवरीच्या गाडीवाल्याला रिकाम्या हातानं कोण पाठवतं? टॉवेल-टोपी, नारळ आणि एक पाकीट. पाकिटात एकावन्न, फार तर एकशे एक. ते नाकारलं तर मुलीकडच्यांना वाईट वाटतं, म्हणून हे कपाळाला लावून घ्यायचे. त्यात पेट्रोलसुद्धा निघायचं नाही.

विम्याच्या बाबतीत मात्र पक्के. एजंट म्हणायचा, काका, एवढ्या जुन्या गाडीची किंमत कागदावर चार पैसे धरू, हप्ताही कमी बसेल. हे ऐकेनात. जुन्या गाड्यांची पारख असलेला माणूस मुंबईहून बोलावला, त्यानं गाडी वरखाली बघितली, नऊ लाख किंमत काढली. कंपनीनं ती मान्य केली आणि पॉलिसीवर तशी लिहून दिली. म्हणजे उद्या गाडी गेलीच, तर घासाघीस नाही, ठरलेली रक्कम हातात. हप्ता ऐकून मी डोक्यात राख घालून घेतली होती. त्यावर हे एवढंच म्हणाले की तिची किंमत भंगारवाल्यानं ठरवलेली मला चालायची नाही.

मागच्या एप्रिलमध्ये शेजारच्या धनराजभाऊंच्या हर्षालीचं लग्न झालं. सासर ओझरचं, बडी मंडळी. हे तिला सोडायला गेले. हर्षाली उतरली, उंबरठ्यावरचं माप ओलांडून आत गेली, ह्यांना आग्रहानं जेवायला बसवलं. तेवढ्यात वावटळ उठली, गारा सुरू झाल्या आणि दारापुढची जुनी चिंच मुळासकट गाडीवर आडवी झाली. माणसं वाचली हेच नशीब. गाडीचा मात्र पापड झाला. हे हात धुवायचेही विसरले आणि खरकट्या हातानं फांद्या ओढत बसले, असं नंतर दुसऱ्यांनी मला सांगितलं. गॅरेजवाल्यानं स्पष्ट सांगितलं, सगळं परत बनवून घ्यायचं तर नऊ लाखही कमीच पडतील, पण गाडी उभी राहील. ह्यांचा सगळा जीव त्या शब्दात अडकला.

कंपनीचा सर्व्हेअर घरी आला. रोहित नावाचा, चांगला बोलणारा मुलगा. गाडी ओझरला कशी काय गेली होती, एवढंच त्यानं विचारलं. लग्नाला गेलो होतो, म्हणायचं आणि गप्प बसायचं. पण ह्यांना कुणीतरी गाडीबद्दल विचारतंय याचाच आनंद. कॉलनीतली एकूण एक पोर याच गाडीतून सासरी गेली, इथून सुरुवात झाली. मी चहाचे कप ठेवता ठेवता डोळे मोठे करते आहे, पण लक्ष कुठे? टॉवेल-टोपी सांगून झाली, नारळ सांगून झाला आणि शेवटी पाकीटही.

लिहिता लिहिता रोहितचा हात थांबला. "पाकीट म्हणजे पैसे का, काका?"

"हो मग, रीतच आहे ती."

झालं. कंपनीचं पत्र आलं. गाडी खासगी वापराची, ती तुम्ही भाड्यानं चालवलीत, क्लेम नामंजूर. हे पत्र हातात धरून मला विचारतात, भाडं कुणी घेतलं गं? मला इतका राग आला आणि इतकं रडूही आलं, की मी सरळ भांडी घासायला बसले.

रोहितनं आपणहून फोन केला. म्हणाला, मुलीच्या वडलांनी लिहून दिलं की भाडं दिलं नाही, फक्त रीत म्हणून पाकीट दिलं, तर मी फाइल परत वर पाठवतो. मात्र कंपनी माहेरी-सासरी दोन्ही घरी जाऊन चौकशी करेल. एवढंच ना, म्हणून मी लगेच धनराजभाऊंकडे गेले. एका भिंतीपलीकडचं घर, नाही कशाला म्हणतील?

धनराजभाऊ खाली बघत बसले. त्यांची बायको पदर तोंडाला लावून आत निघून गेली. मग हळूहळू खरं बाहेर आलं. ह्या गृहस्थांनी व्याह्यांना सांगून ठेवलं होतं की जुन्या जमान्याची गाडी खास मुलीसाठी तीस हजार भाड्यानं आणली. बड्या घरात आपलीही पत दिसावी म्हणून. आता चौकशीचा माणूस ओझरला गेला आणि गाडी फुकटची निघाली, तर पोरीला उठता-बसता ऐकवतील, म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुमच्या खोट्या मोठेपणापायी माझ्या माणसाचा जीव चाललाय, असं मी त्यांच्या ओट्यावर उभी राहून चार घरांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलले. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

ते हर्षालीच्या कानावर गेलं असणार. आठवड्याभरात ती एकटीच आली. पर्समधून कागद काढला. सगळं खरं खरं लिहून सही केली होती, लग्नाच्या मंडपात मी हजर होते, मला ठाऊक आहे, म्हणून. मी देवापुढे साखर ठेवायला उठले.

ह्यांनी कागद वाचला. सासऱ्यांना सांगून आलीस का, असं विचारलं. ती पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत उभी राहिली. ह्यांनी कागदाची घडी घातली आणि तिच्या पर्समध्ये परत ठेवली. म्हणाले, "गाडी लोखंडाची होती, बाई. तू जेवून जा."

मी त्या दिवशी ह्यांच्याशी खूप भांडले. इतकी वर्षं हप्ते भरले ते कशाला, असं विचारलं. मग एका दुपारी ह्यांनी कंपनीला, आता पुढं चौकशी नको, क्लेम मागे घेतला, असं लिहून दिलं आणि सांगाडा भंगारात गेला. वजनावर.

परवा हर्षालीचं डोहाळजेवण झालं, इथे माहेरीच. जायची माझी इच्छा नव्हती, ह्यांनीच नेलं. जेवणं चालली होती. ओझरचे व्याही ह्यांच्या समोरच्या खुर्चीवर. मठ्ठ्याचा ग्लास हातात घेऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं हसत म्हणाले, "वाल्मीकराव, एका फेरीचे तीस हजार घेतले तुम्ही, वर विम्याचेही नऊ लाख मागायला निघाला होता म्हणे!"

धनराजभाऊ वाढता वाढता थांबले. हर्षाली पाटावर फुलांचे दागिने घालून बसली होती, ती एकदम पांढरी पडली. मी तोंड उघडणार तोच ह्यांनी माझा हात धरला.

"हो," हे म्हणाले, "जरा जास्तच घेतले." आणि पुढ्यातला भात कालवायला लागले.