डॅनीसाठी धरलेलं ध्रुवपद

डॅनी गेल्यावर देवावरचा माझा विश्वास उडाला असं नाही, पण त्याच्याशी बोलावंसं वाटेना. इथे परदेशात, हॅमिल्टन शहरातल्या ज्या ग्रोसरी स्टोअरमध्ये मी पार्ट-टाइम काम करते, तिथल्या बेकरीत डॅनी माझ्या शेजारी असायचा. संध्याकाळी बॉक्सिंग. एका हॉलमधल्या लढतीत, रिंगमध्ये डोक्याला मार बसून तो कोसळला, तेव्हा जवळ डॉक्टरच नव्हता. आता त्याच हॉलमध्ये पुन्हा तशाच लढती ठरल्या होत्या. डॉक्टर असल्याशिवाय लढत नको, म्हणून त्याची आई हॉलबाहेर निदर्शनं करणार होती.

मी चारचौघांत बोलत नाही, लिहिते. डॅनीवर लिहिलेलं इंग्रजी गाणं मी त्याच्या आईला फक्त दाखवलं. ती म्हणाली, "हे तूच गायचंस. मला नुसतं ओरडता येतं."

निदर्शनांच्या दिवशी हॉलबाहेर माईकवर पहिलं कडवं कसंबसं झालं. 'घंटा वाजली, डॉक्टर कुठे होता?' अशा अर्थाचं ध्रुवपद मी म्हटलं आणि हॉल चालवणारे लोक दारात येऊन उभे राहिलेले दिसले. माझा आवाजच गेला. "देवा, मला नाही जमत, तूच बघ," मी मराठीतच पुटपुटले. ते माईकमधून सगळ्यांना ऐकू गेलं.

तेवढ्यात गर्दीमागून कुणीतरी ध्रुवपद उचललं. शब्द इंग्रजी, ठेका थेट भजनाचा. जाड जॅकेटातल्या एक अनोळखी काकू टाळ्या वाजवत पुढे आल्या. "तू श्वास घे गं, तोवर आम्ही धरतो!" माझ्या आईच्या भजनी मंडळात असंच चालतं. पुढे गाणारी अडली, की मागच्या बायका ध्रुवपद घोळवत ठेवतात. मग डॅनीच्या आईने ओळ धरली, मग सगळ्यांनी. मी गाणं पूर्ण केलं. थोड्या वेळाने दारातल्या लोकांमधला हॉलचा मॅनेजर बाहेर आला आणि डॅनीच्या आईला म्हणाला, डॉक्टर नेमल्याशिवाय इथे लढत होणार नाही. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

काकू हात चोळत होत्या. "लायब्ररीत निघाले होते, उतरले भलत्याच स्टॉपवर. तुझं ध्रुवपद कानावर पडत होतंच, 'देवा' ऐकलं नि थांबले. थंडीने बोटं गेली की गं माझी!"

त्या तिथेच का उतरल्या, याचा अर्थ मी लावत बसत नाही. शरण जाणं म्हणजे हार मानून गप्प बसणं, असं मला वाटायचं. पण मी गप्प झाले तेव्हाही डॅनीचं गाणं थांबलं नव्हतं. ज्याने ते चालू ठेवलं, त्याच्याशी मी आता पुन्हा बोलते.