कुंदाताई गाडीत का बसत नव्हत्या

यवतमाळला दारव्हा रोडच्या बाजूला जी नोकरदारांची कॉलनी आहे, तिथे संध्याकाळी फिरायला निघणाऱ्यांना वर्षभर एकच विषय पुरला होता. श्रीकृष्णरावांची गाडी दारात आणि बायको एसटीत! लोकांना काय, दुसऱ्याच्या घरचा गुंता सोडवायला फार आवडतो. स्वतःच्या घरचा सापडत नाही.

श्रीकृष्णराव पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि हातात पैसा पडताच त्यांनी एक पांढरी, छोटी, कोरी गाडी घेतली. पोरगा साकेत पुण्याहून फोनवर म्हणाला, "बाबा, आता या वयात कशाला?" पण हौसेला मोल नसतं, आणि ही नुसती हौसही नव्हती. साकेत कडेवर असताना कुंदाताई एकदा माहेराहून, दिग्रसहून, अख्खा रस्ता एसटीत उभ्यानं आल्या होत्या. स्टँडवर उतरल्या तेव्हा पाय सुजले होते आणि तरी हसत होत्या. ते पाहून तरुण श्रीकृष्णरावांनी मनाशी ठरवलं की हिला एक दिवस स्वतःच्या गाडीतून माहेरी न्यायचं. ठरवलं, पण बायकोला सांगितलं नाही. पुरुषांना वाटतं, मनात आणलं म्हणजे समोरच्याला कळलंच.

गाडी आली आणि घरात जणू नवं लेकरू आलं. रोज सकाळी फडकं, रविवारी आंघोळ. सीटवरचं प्लास्टिक काढायचं नाही, कारण सीट मळतात. यवतमाळच्या उन्हात ते प्लास्टिक असं तापायचं की दार उघडलं की वासाचा भपकाराच यायचा. त्यावर उतारा म्हणून त्यांनी मोगऱ्याच्या अत्तराची बाटली समोर चिकटवली. काचा बंद, एसी चालू, आणि निघाली स्वारी दिग्रसला.

कुंदाताई शेजारी डोळे मिटून बसत. मुठीत एक लिंबू असे. श्रीकृष्णरावांनी पहिल्याच फेरीला ते पाहिलं आणि त्यांचं मन भरून आलं. गाडीला दृष्ट लागू नये म्हणून ही बिचारी लिंबू धरून बसते! चाकाखाली लिंबं चिरडून गाडी शोरूममधून निघाली होतीच, पण हिचं समाधान तेवढ्यावर होत नव्हतं. मग कॉलनीत जो भेटेल त्याला ते सांगत, "आमची कुंदा दर फेरीले ताजं लिंबू घेते. म्हणून तं गाडीले अजून वरखडा नाही."

दारव्हा येईतो कुंदाताईंचा चेहरा उतरलेला दिसे. श्रीकृष्णरावांना वाटे, उकडत असेल. ते एसी वाढवत, काच आणखी घट्ट करत. पुढच्या खेपेला मोगऱ्याच्या जोडीला चंदनाची बाटली आली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय!

चार-पाच फेऱ्यांनंतर कुंदाताईंनी एक दिवस पिशवी भरली आणि म्हणाल्या, "मी एसटीनं जाते. बायांले अर्धं तिकीट हाय. पेट्रोल कायले जाळता?"

"अवं, आपली गाडी हाय ना घरी!"

"असू द्या. पेट्रोलचे भाव पाहिले का?"

मग हे ठरूनच गेलं. माहेर असो, लग्न असो, बारसं असो, त्या एसटीनं जात. पुढच्या सीटवर, खिडकीशी, जिची काच कधी बंदच होत नाही अशी जागा हेरून बसत. श्रीकृष्णराव गाडीनं त्यांना स्टँडवर सोडत आणि रिकामी गाडी घेऊन घरी येत. त्यांना फार लागलं. जन्मभर काटकसर करून हिला आता सुख घेताच येत नाही असं वाटलं, आणि त्याहून आत कुठेतरी असंही वाटलं की आपण दिलेलंच हिला नकोय. विम्याचा हप्ता आला, उभ्या उभ्या बॅटरी बसली, तेव्हा ते चिडून म्हणाले, "इकून टाकतो." कुंदाताईंनी कपाटातून गाडीचे कागद आणून दिले. त्यानं तर ते पुरतेच खचले.

गिऱ्हाईकही लगेच मिळालं. मागच्या गल्लीत नवाच राहायला आलेला अक्षय नावाचा शिक्षक, आणि त्याची बायको अर्पिता. रविवारी दोघं गाडी पाहायला आले. एक चक्कर मारून पाहू म्हणाले. शेवटची चक्कर म्हणून श्रीकृष्णरावांनी कुंदाताईंनाही आग्रहानं बसवलं. अक्षय चालवायला, हे त्याच्या शेजारी, बाया मागे.

"गाडी लकी हाय बरं," श्रीकृष्णराव सांगत होते. "आमची कुंदा लिंबाबिगर बसतच नाही. पाहा, आताही हाय हातात."

अर्पितानं त्या लिंबाकडे पाहिलं. ते सगळं नखांनी खरवडलेलं होतं. ती पटकन म्हणाली, "काकू, तुमालेही गाडी लागते काय? माह्या पर्समधीही लिंबूच राह्यते. वास घेतला का जरा बरं वाटते. अन् या अत्तरानं तं मले आताच मळमळून राह्यलं!"

कुंदाताईंनी लिंबू पदराआड केलं. पण श्रीकृष्णरावांनी मागे वळून पाहिलंच होतं, आणि इतक्या फेऱ्यांमध्ये पहिल्यांदा त्यांना बायकोचा चेहरा नीट दिसला. ओठ पांढरे, कपाळावर घाम, आणि तरी हसण्याची धडपड. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी अक्षयला गाडी घराकडे वळवायला सांगितली. घरी पोचल्यावर त्यांनी अक्षयला कसंबसं "मंग सांगतो" म्हणून वाटेला लावलं.

"काहून नाही सांगतलं?" ओसरीवर बसल्यावर त्यांनी विचारलं.

"काय सांगू?" कुंदाताई पदराशी चाळा करत म्हणाल्या. "तुम्ही रोज तिले न्हाऊ घालत होते. सारा जन्म फायली उचलल्या, एक हौस केली. अन् मी म्हणू का, तुमच्या गाडीत मले ओकारी येते?"

"अवं, माही हौस गाडीची नव्हतीच! तुले न्यायची होती. साकेत कडेवर होता, तू दिग्रसहून उभ्यानं आलती, तवापासून!"

हे त्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा सांगितलं. कुंदाताई डोळे पुसत हसल्या. "लहानपणी बाबाच्या बैलगाडीतही मले असंच होये. मागं बसली का लागलीच. मंग बाबा कासरा माह्या हाती देत. तवा कधी नाही लागली."

श्रीकृष्णराव उठले, आत जाऊन गाडीची किल्ली घेऊन आले आणि बायकोच्या हातात ठेवली.

"वेड लागलं काय तुमाले! नात यायच्या वयात?"

"धर म्हणतो ना."

गाडी विकायचं राहिलं. प्लास्टिक फाडून निघालं, दोन्ही बाटल्या कचऱ्याच्या गाडीत गेल्या. कुंदाताई मोटार स्कूलमध्ये कॉलेजच्या पोरींसोबत शिकल्या, घरच्या गाडीवर सराव करताना दोनदा कुंपणाला धडकल्या. ज्या गाडीला वरखडा नव्हता तिला आता पोच आला, आणि श्रीकृष्णराव तो पोच कौतुकानं दाखवू लागले. कुंदाताईंच्या हातात लायसन आल्यावर मात्र श्रीकृष्णरावांचीच गाळण उडाली.

हिवाळ्यातल्या एका सकाळी दोघं दिग्रसला निघाली. कापसाच्या गाड्या झुलत चालल्या होत्या, मागचे ट्रकवाले हॉर्न मारून मारून पुढे जात होते, आणि कुंदाताई सगळ्या काचा उघड्या टाकून आपल्या चालीनं चालवत होत्या. श्रीकृष्णराव शेजारी दाराची दांडी धरून बसले होते आणि नाही तिथे ब्रेक दाबत होते. दारव्हा आलं, मागे पडलं. कुंदाताईंच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

माहेरच्या दाराशी गाडी थांबली. भाऊ पुंडलिकराव नेहमीसारखे बहिणीसाठी डाव्या बाजूचं दार उघडायला धावले, तर तिथून जवाई उतरले. दुसरीकडून कुंदाताई उतरल्या, लुगडं सारखं केलं आणि ओट्यावर चढल्या. विमलवहिनी पाण्याचा गडवा घेऊन आल्या.

"पाणी राहू द्या, वहिनी," कुंदाताई म्हणाल्या. "आधी जेवाले वाढा. लय भूक लागली."

श्रीकृष्णराव चपला काढता काढता थांबले. गाडीतून उतरल्यावर तिला भूक लागल्याचं त्यांनी आज पहिल्यांदा ऐकलं होतं.