विहिरीमागच्या सहा ओळी

अन्याय झाला तो काकूंवर. भोगीच्या दिवशी, दुपारी साडेबाराला, घरातली माणसं दुसऱ्यांदा भाजी मागत असताना. हे आधीच लिहून टाकते, कारण त्यांच्या घरी विचाराल तर अन्याय हा शब्द कोणी काढणार नाही. "काही नाई वो, थोडीशी गडबड झाली," म्हणतील.

त्यांचं गाव केळझर आणि सेलूच्या मधे. भाजीपाला पिकवणाऱ्या बायकांना मी पत्रकं वाटत फिरते, आणि जेवणाच्या वेळेला नेमकी काकूंच्या दारात पोचायचे. काकू पत्रक घ्यायच्या, घडी करून चहाच्या डब्यामागे ठेवायच्या आणि माझ्या तळहातावर काहीतरी टेकवायच्या. वालाची कोवळी शेंग, मुळ्याची डिंगरी, कधी नुसता मेथीचा कोंब. मी तोंड उघडलं की त्यांचं बोट वर.

"पहिले खा, मंग बोल."

शेतात काय लावायचं ते काका आणि मुलगा ठरवत. घरामागच्या विहिरीपलीकडे सहा ओळी मावतील एवढा वाफा होता, तिथे काकू ठरवत. एवढंच त्यांचं राज्य.

त्या वाफ्यासाठी ब्रसेल्स स्प्राउट्सची पुडी मी दिली. नागपूरच्या दुकानातून आणली होती. पत्रकही माझंच: "वाफ्यात नवं लावा, घरच्यांना नवी चव द्या!" खाली निगा लिहिलेली: कोबीसारखीच. गड्डे भरले की काढा. ते झाड मी जन्मात पाहिलं नव्हतं. पुडीवर वाटीभर बारक्या कोबीचं चित्र होतं. ती झाडाला लागते कुठे, हे चित्रात नव्हतं आणि माझ्या पत्रकात तर नव्हतंच.

काका कोबीतले जाणते. झाड कमरेला आलं तरी शेंड्याला गड्डा धरेना, उलट पानापानाच्या बेचक्यात हिरव्या गाठी फुटलेल्या. काकांनी ओळखलं, हे फुटवे. फुटवे ठेवले की मुख्य गड्ड्याची ताकद जाते, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. एका सकाळी त्यांनी चार ओळी साफ केल्या आणि टोपलंभर गाठी गाईपुढे ओतल्या. काम इतकं निगुतीचं की खोडावर ओरखडा नाही. पाचव्या ओळीला काकू आडव्या आल्या.

"अवो, थांबा! थेच तं पीक हाय!"

"कोणं सांगतलं तुले?"

"म्या खाऊन पाह्यलं. गाईनं बी पाह्यलं. तुमीच तेवढे राह्यले."

हे मी चार गावांत सांगितलं आणि लोक पोट धरून हसले. काका हसले नाहीत. जाणता माणूस बायकोपुढे चुकला, त्याचा राग झाडांवर निघाला. त्यांनी फर्मान काढलं: "संक्रांतीपर्यंत घरातल्या हरेकानं थे मागून खाल्लं पाह्यजे. नाई तं वाफ्यात चाऱ्याचा मका."

काकू म्हणाल्या, "बरं."

त्या "बरं"वर मी भडकले. "काकू, वाफा तुमचा. परीक्षा कसली देता?"

"वाफा माया हाय हे मले माहीत, तुले माहीत. त्याईले कुठं माहीत हाय, पोरी?"

राहिल्या दोन ओळी. गाठी जेमतेम आवळ्याएवढ्या. काकूंनी आधी चण्याची डाळ घालून केली, झाकण ठेवून, मऊ. कोबी जास्त शिजली की जो वास सुटतो, त्याच्या दुप्पट वास सुटला. नात नाक धरून अंगणात पळाली. "आजी, सिलेंडर लीक झालं!" काकांनी वाटी हाताने सरकवली.

मग झुणक्यात घातली. मुलाने बेसन खाल्लं आणि गाठी ताटाच्या कडेने ओळीत मांडल्या, जणू परत लावायच्या होत्या. मग गोळाभात. बेसनाच्या गोळ्यांच्या जागी भातात बारकी कोबी, वरून हिंग-मोहरीचं तेल. सून हळूच म्हणाली, "आई, गोळाभातात गोळा असते." भजी केली तेव्हा नातीने वरचं कुरकुरीत कवच खाल्लं आणि आतलं आजीच्या ताटात टाकलं.

सगळ्यांचं आटोपल्यावर काकू उरलेलं घेऊन बसत. चावत, डोळे बारीक करून विचार करत. "पाणी घातलं, थे चुकलं." दुसऱ्या दिवशी, "झाकण ठेवलं, थे चुकलं." रोज नवं काही शिजवून दमलेल्या बाईला कोणी विचारलं नाही की तुला स्वतःला कशी आवडते. मीही नाही. मी पुढच्या पत्रकाच्या मजकुरात गुंतले होते.

एका सकाळी चुलीवर आंघोळीचं पाणी तापत होतं. काकूंनी निखारे बाहेर ओढले, त्यावर चार गाठी टाकल्या, काळ्या होऊ दिल्या, मीठ-तेल चोळलं आणि एक माझ्या तळहातावर ठेवली.

"पहिले खा."

बाहेरून करपलेली, आत गोड. काकू पहिल्यांदा जोरात हसल्या. "चुप बसली! पोरगी चुप बसली!"

भोगीला त्यांनी तसंच केलं. आधी निखाऱ्यावर भाजलं, मग चार चिरा देऊन तीळ, शेंगदाणा, खोबरं आणि काळा मसाला भरला. वाल, गाजर, बोरं, वांगी यांच्या भोगीच्या भाजीत त्या गाठी सोडल्या. तीळ लावलेल्या भाकरी. मी तिथेच जेवत होते, म्हणून शपथेवर सांगते. पहिल्यांदा नातीने वाटी पुढे केली. मग मुलाने. मग सुनेने. शेवटी काकांनी वाटी पुढे सरकवली.

"अवं, थे गोट्या टाकजो अजून. वांगं नको."

काकूंनी भांडं तिरपं करून दाखवलं. संपली होती. चेहरा असा उजळला होता, काय सांगू. "दोन मिनटं थांबा. तोडून आणते, भाजून देते." टोपली घेऊन त्या मागच्या दाराने निघाल्या, मी त्यांच्या मागे.

वाफ्यात ट्रॅक्टरमागचा रोटावेटर माती उलथत शेवटची फेरी मारून वळत होता. सहाही ओळी मातीत. जेवताना ट्रॅक्टरचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला होता, पण गावात ट्रॅक्टर चालतोच.

काका हात धुऊन मागे आले. "मी कालच सांगून ठेवलं व्हतं ट्रॅक्टरवाल्याले. रोटावेटर मंग भेटत नाई."

"संक्रांत उद्या आहे, काका!" मी ओरडले.

"आता मले काय माहीत आज चांगली होईन?"

कालच. भाजी चुलीवर चढायच्या आधी, घास तोंडात जायच्या आधी. म्हणजे ती बाई तीन आठवडे जी परीक्षा देत होती, तिचा निकाल लावून परीक्षक मोकळे झाले होते आणि वर दुसरी वाटी मागत होते.

काकू वाफ्यात उतरल्या. वाकून मातीतून एक चेपलेली गाठ उचलली, पदराने पुसली आणि काकांच्या तळहातावर ठेवली.

"खाल्लं तुमी. आता बोला."



संक्रांतीचं वाण आटोपून काकू रोहण्याला मुलीकडे गेल्या, चार दिवसांसाठी. उन्हाळा लागला, त्या तिथेच आहेत. चहाच्या डब्यामागे माझी पत्रकं तशीच घडी केलेली आहेत. उरलेल्या बियांची पुडी तेवढी नाही. वाफ्यात मका डोक्याएवढा झालाय.

परवा काकांचा फोन आला. "बाई, थे गोट्या कशा करत व्हती वो थे? नागपूरहून इकत आणल्या, पण सुनेच्या हातून जमून नाई राह्यलं."

मला सगळं येतं. निखारे, मीठ-तेल, चार चिरा, मसाला. सांगितलं नाही. म्हटलं, मका कापा, वाफा मोकळा करा आणि रोहण्याला जाऊन त्यांनाच विचारा. ते अजून गेलेले नाहीत.

तुम्ही काकांची वाट पाहू नका. आज जेवताना "अजून वाढ" तोंडावर येईल तेव्हा गिळा. वाढणारीला विचारा, या घरातली कोणती जागा तुझी? ती दाखवेल, तिथून तुमचा पाय काढा.