आरिया आणि अर्धी आरती

सर्व भाविक, अर्धभाविक आणि केवळ प्रसादाच्या शिऱ्यासाठी येणारी सज्जन मंडळी यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आमच्या देवघरात झांज एकच आहे आणि ती एकच राहणार आहे. दरवर्षी गणपतीत कोणीतरी हळहळून दुसरी आणून देतं. कृपया आणू नये. जोडीतली दुसरी हरवलेली नाही. ती बहरीनला जिदहफ्समध्ये एका मासेमाराच्या दाराला टांगलेली आहे. ती तिथे कशी पोचली हे सांगताना माझी जीभ अजूनही अडखळते, आणि मला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे, ती सहसा अडखळत नाही.

इराण-इराकची लढाई समुद्रावर उतरली होती ती वर्षं. बहरीनहून तेल भरून निघणाऱ्या एका लहानशा जहाजावर मी भंडारी होतो. जहाजावर भंडारी म्हणजे स्वयंपाकी. आमचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, दाभोळचा. पाच वेळा नमाज पढणारा, पांढऱ्या दाढीचा, तिखट जिभेचा. आम्ही सगळे त्याला चाचा म्हणायचो. राजापूर सोडताना आईने मला झांजांची जोडी दिली होती आणि रोज संध्याकाळी आरती करायचं वचन घेतलं होतं. त्या वर्षी आई गेली. तार एजंटाच्या टेबलावर पडून राहिली. माझ्या हाती आली तेव्हा तिचं तेरावंही उरकलं होतं.

त्या दिवसापासून मी देवावर रुसलो. वचन मोडायची छाती नव्हती, म्हणून आरती चालू ठेवली. पण शेवटी, जिथे झांज जलद होते आणि माणूस लोटांगण घालतो, तिथे आलो की झांजा खाली ठेवून चपात्या लाटायला निघून जायचो. म्हटलं, तुझी स्तुती करीन, पण तुझ्यापुढे आडवा होणार नाही. हे कोणाच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटायचं. चाचा त्याच वेळी मगरिबच्या नमाजासाठी हातपाय धूत असायचा. जाता जाता एवढंच म्हणायचा, “भंडारी, तुज्या झांजेला भिऊन मासे कुवेतला गेले रे!”

मला तेव्हा एकाच गोष्टीचं कुतूहल होतं. आखाताच्या तोंडाशी, सामुद्रधुनीच्या बाहेर विमानवाहू जहाज उभं आहे, अशी चर्चा बाब अल बहरीन या वेशीजवळच्या चहाच्या टपरीवर रोज चालायची. त्यावर हजारो माणसं, वर विमानांची धावपट्टी. लोक तोफांबद्दल विचारायचे. मी चाचाला विचारलं, “चाचा, असलं जहाज पेटलं तर त्यातला भंडारी कितव्या होडीत बसतो?”

“शेवटच्या,” चाचा म्हणाला. “आदी भांडी घासून ठेवायची.”

हसलो आम्ही. आठवड्याभरात त्या प्रश्नाचं उत्तर मला स्वतःलाच मिळालं.

सूर्य कलला होता. मी खालच्या मजल्यावर डाळीला फोडणी देत होतो, पंखा घरघरत होता. जहाजाला धक्का बसला, मला लाट वाटली. भोंगा वाजला. पण त्या आठवड्यात सरावाचा भोंगा इतक्यांदा वाजला होता की मी डाळ उतरवून निवांत हात पुसले. तेवढ्यात वरून चाचाचा आवाज आला. मला स्पष्ट ऐकू आलं, “आरती! आरती!” म्हटलं, वा! आज सारंगच बोलावतोय! कौतुकाने झांजा उचलल्या आणि जिना चढून वर आलो.

वर नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, बाजूला आग होती. काळा धूर आकाशाला भिडला होता. चाचा होडीच्या दोरांपाशी उभा राहून ओरडत होता, “आरिया! आरिया!” आमच्या खलाशांच्या बोलीत आरिया म्हणजे खाली सोडा. जीव वाचवायची होडी खाली सोडत होते, आणि मी आरतीला आलो होतो. चाचाने माझ्या हातांकडे पाहिलं, कपाळावर हात मारला आणि गळपट्टीला धरून मला आत टाकलं. विमानवाहू जहाजाचं माहीत नाही, आमच्या जहाजाचा भंडारी पहिल्याच होडीत बसला.

होडीत चाचा धरून आम्ही चौदा जण. होडीचं इंजिन सुरू होईना. वल्ही मारून जहाजापासून दूर झालो, पण वारा फिरला आणि धुराने आम्हाला गिळलं. पाण्यावर सांडलेलं तेल जळत जळत आमच्याकडे सरकत होतं. दिसत नव्हतं, पण गालाला झळ लागत होती. कुठल्या बाजूला वल्हवावं हेच कळेना. तेवढ्यात एका मासेमारी लाँचचा फटफट आवाज ऐकू आला. जवळ यायचा, लांब जायचा. आम्ही लाल मशाल पेटवली, ती धुरात विरली. शिट्टी फुंकायला जावं तर खोकला यायचा. आमचं ओरडणं तिच्या इंजिनाच्या आवाजात बुडत होतं. ती निघून गेली की आम्ही संपलो, हे चौदाही जणांना ठाऊक होतं.

मग मी झांजा वाजवायला लागलो. श्रद्धेने नव्हे. हातात होत्या म्हणून. आणि हाताला ठेका एकच येत होता, आरतीचा. अख्खी आरती वाजवली. हात भरून आले. नेहमीच्या जागी आलो आणि सवयीने थांबलो. त्याच क्षणी लाँचचा आवाजही बंद झाला. गेली, असं वाटून आमच्यातला एक जण रडायला लागला. मी झांजा मांडीवर ठेवल्या.

मग मी पुन्हा वाजवायला लागलो, जलद, आधी कधी वाजवल्या नव्हत्या तशा. धुरातून लाकडी नाळ बाहेर आली, दोर पडला, आणि चौदाच्या चौदा जण लाँचवर चढलो. मी का वाजवायला लागलो, ते सांगतोच.

महिन्याभराने आभार मानायला जिदहफ्सच्या बाजारात त्या लाँचच्या नाखुदाला, म्हणजे कप्तानाला, शोधून काढलं. मोडक्या हिंदीत तो म्हणाला, “मकीना खलास.” मकीना म्हणजे इंजिन. आम्हाला शोधून थकून तो माघारी वळत होता आणि इंजिन आपोआप बंद पडलं. कान दिला तर सगळीकडे शांतता. कोणी जिवंत नाही असं समजून त्याने इंजिन पुन्हा फिरवायला हात घातला, तेवढ्यात भांडी आपटल्यासारखा आवाज सुरू झाला. इंजिन का बंद पडलं, विचारलं तर त्याने खांदे उडवून बोट वर केलं. मी एक झांज त्याला दिली.

मीही त्यापुढे काही सांगत नाही. इंजिनं बंद पडतात. पण त्याचं बंद पडणं आणि माझं पुन्हा वाजवणं एकमेकांना कसं भेटलं, याचं कुतूहल अजून संपलेलं नाही. एवढंच उमगलं की मी ज्या जागी अडून बसलो होतो, नेमकी तीच जागा उघडायची होती. स्तुती कितीही केली तरी ती माझ्या हातात होती; आडवं होणं म्हणजे हात सोडणं. त्या दिवसापासून माझी आरती कधी अर्धी राहिली नाही. आता एका झांजेवर चमचा मारून ठेका धरतो, पण लोटांगणापर्यंत जातोच, गुडघे कुरकुरले तरी.

लोक विचारतात, त्या शांततेत तुम्हाला देवाचा आवाज ऐकू आला का? आला. स्पष्ट आला. दाभोळचा हेल होता त्याला आणि धुराने घसा बसलेला होता. माझ्या मांडीवरच्या झांजांकडे बघून चाचा खेकसला होता:

“थांबलास काय, भंडारी? रोज पळतोस, आज तरी पुरी कर! का तुजा लोटांगण आता मी घालू?”