कॅसेटमधली हाक

माझ्या वडिलांना इंग्रजीचा गंध नव्हता, पण तरुणपणी थिएटरात पाहिलेला घोडे, धूळ आणि पिस्तुलांचा तो तीन तासांचा सिनेमा त्यांना तोंडपाठ होता. चिकलठाण्याच्या कारखान्यात ते लेथवर होते. दिवसभर मशीनचा आवाज ऐकून कान किटायचे, म्हणून की काय, त्या सिनेमातली शांतता त्यांना फार आवडायची. म्हणायचे, "ह्याच्यात माणसं बोलतच नायत. बाजा बोलतो."

आणि ते खरंच होतं. आधी नुसती शीळ, मग गिटार, मग एक बाई शब्दांशिवाय गायला लागते आणि रिकामं माळरान भरून जातं. आता कोणीतरी मरणार हे सुरांवरूनच कळायचं.

एका रविवारी दुपारी तो सिनेमा टीव्हीवर लागला. तेव्हा आम्ही उस्मानपुऱ्यात दोन खोल्यांत राहायचो. वडिलांनी टेपरेकॉर्डर टीव्हीपुढं स्टुलावर ठेवला, पंखा बंद केला आणि कोणी खोकायचंसुद्धा नाही असा हुकूम सोडला. शेवटची झुंज आली, बाईचा सूर चढला आणि नेमकी तेव्हाच आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, भाकरी गार व्हायली, येता का नाय?"

टेपमध्ये ते जसंच्या तसं आलं. वडील दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. पुढं मात्र त्याची गंमतच झाली. कॅसेट लावली की त्या जागी वडील "आलो, आलो" म्हणायचे, आणि आई आतून म्हणायची, "लई आलात!"

गेल्या वर्षी आई गेली. मी वडिलांना शेंद्र्याकडच्या माझ्या फ्लॅटवर घेऊन आलो. उस्मानपुऱ्यातलं घर आवरताना कॅसेटींचा खोका मीच भंगारवाल्याला देऊन टाकला. वडिलांनी विचारलं तेव्हा मी शहाणपणा करत म्हणालो, "दादा, ती खरखर कशाला ऐकता? मोबाइलवर एकदम साफ आहे." त्यांना वाटलं, आपलीच टेप मी मोबाइलमध्ये घेतली.

आई कॅमेरा दिसला की पदर तोंडाला लावून गप्प व्हायची. तिचा दुसरा कुठलाच आवाज आमच्याकडं नव्हता. हे माझ्या डोक्यातच आलं नाही. एवढा मी मूर्ख.

नवे स्पीकर आणून मी ते संगीत लावलं. एकेक तार वेगळी ऐकू येत होती. मी स्वतःवर खूश होतो. बाईचा सूर चढला. वडील म्हणाले, "आलो, आलो."

संगीत तसंच पुढं गेलं. त्यांनी कान स्पीकरकडं केला. मग म्हणाले, "जरा मागं घे. हिची हाक निसटली."

मी मागं घेतलं. दोनदा घेतलं. मग माझ्या तोंडाकडं बघून त्यांना कळलं. "असू दे," म्हणाले. "तुला तरी काय ठाऊक." त्यापेक्षा दोन दिवस बोलले नसते तर बरं झालं असतं.

उस्मानपुऱ्यातली भंगाराची सगळी दुकानं मी पालथी घातली. कॅसेट मिळणार नव्हतीच.

ते संगीत आता घरात लागत नाही. जेवायला मीच हाक मारतो. वडील 'आलो' म्हणत नाहीत. नुसते उठून येतात.